गव्हाला बंदी

सुमनमावशींना माझा पहिला संशय आला तो मिशिगनमधल्या नोव्हाय गावच्या इंडियन ग्रोसरीत, पिठांच्या रांगेत. ज्वारीच्या पिठाच्या पाकिटाच्या शिवणीला नाक लावून त्या उभ्या होत्या. अंगावर मुलाचं जाड जॅकेट, पायात मोजे घालून सँडल आणि खांद्याला लटकवलेली हिरव्या झाकणाची पाण्याची बाटली. दुकानदार शेजारी हात बांधून उभा होता. मावशींनी त्याला विचारलं होतं की हे पीठ ज्या चक्कीत दळलं, त्या चक्कीत त्याआधी काय दळलं होतं.

"आंटी, ये तो इंडिया से पॅक होके आता है," तो तिसऱ्यांदा सांगत होता.

"तेच तर विचारून राहिली ना बाप्पा. इंडियात कोणत्या चक्कीत?"

मराठी ऐकलं आणि मी हसत पुढे झाले. कुठल्या तुम्ही, विचारलं. नागपूरच्या, म्हणाल्या. मग आपल्या लोकांना जी खोड असते तिच्यापायी पुढचा प्रश्न तोंडातून निघून गेला. "आडनाव काय तुमचं?"

मावशींनी पाकीट खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "काहून? आडनावाची भाकरी थापता का तुमच्याकडे?"

मी ओशाळून तिथून सटकले. दोन दिवसांनी कळलं की त्या आमच्याच भिंतीपलीकडे उतरल्यात. शेजारच्या टाउनहाउसमधल्या प्रशांतच्या त्या आई. सहा महिन्यांसाठी आल्या होत्या, आणि कशासाठी ते सगळ्यांना माहीत होतं. प्रशांत आणि स्नेहलची सात वर्षांची मुलगी संघमित्रा, घरातली मित्रा, वर्षभर पोटदुखीनं हैराण होती. वजन वाढत नव्हतं, शाळेतून दर आठवड्याला फोन यायचा. शेवटी निदान झालं की तिला सीलिअ‍ॅक आहे, म्हणजे गव्हाचा कणही तिच्या आतड्याला सोसत नाही. सप्टेंबरात डॉक्टरांनी बजावलं, की खाणं पूर्ण सुधारा, मार्चमध्ये पुन्हा रक्त तपासू. स्नेहलला भाकरी येत नव्हती आणि दुकानातला ग्लूटेन-फ्री ब्रेड मित्रा थुंकून टाकायची. म्हणून नागपूरहून आजी आली.

मावशींनी तीस वर्षं सरकारी धान्य गोदामात पोती तपासण्याची नोकरी केली होती. पोत्यात लोखंडी नळी खुपसायची, मूठभर दाणे काढायचे, तळहातावर पसरायचे, एक दाताखाली फोडायचा. कोणी "माल चांगला आहे मॅडम" म्हटलं की त्या आणखी खोल नळी खुपसायच्या. मीही इथे गाड्यांच्या सुट्या भागांच्या कंपनीत क्वालिटी बघते. संशय हे माझंही पोटापाण्याचं साधन आहे. पण मावशींसमोर मी शिकाऊ होते.

आल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांच्या हातून जे घडलं, त्यावरून माझा त्यांच्यावर संशय बसला. डाएटिशियननं सांगितलं होतं की मित्राची भांडी वेगळी ठेवा. तिचा तवा, चमचे, ताट, डबे सगळं वेगळं. प्रशांतनं त्या सगळ्यांना लाल टेप लावली होती आणि एका वेगळ्या फळीवर मांडलं होतं. सकाळी उठून मावशी स्वयंपाकघरात आल्या, ती फळी पाहिली, आणि खुर्ची ओढून बराच वेळ तिच्यासमोर बसून राहिल्या. मग उठल्या आणि एकेका भांड्यावरची टेप नखानं खरवडून काढली.

"माझ्या घरात कोणाचं ताट वेगळं राहणार नाही," एवढंच त्या म्हणाल्या.

स्नेहल रडत माझ्याकडे आली. "यार वैशाली, त्यांना हा आजारच पटत नाहीये. आता त्या गुपचूप पोळी चारणार बघ तिला." मलाही तसंच वाटलं. माझ्या ओळखीत असे आजी-आजोबा होते, ज्यांच्या मते अ‍ॅलर्जी हे अमेरिकेचं खूळ आहे आणि तूप-पोळीनं काहीही बरं होतं. मी पाळत ठेवायचं ठरवलं. भिंतीला भिंत लागून होती, वास इकडे येत होता. मित्रा आमच्या अंगणात खेळायला आली की मी सहज विचारल्यासारखं विचारायचे, आज आजीनं काय दिलं खायला? तिनं चार दिवस उत्तरं दिली. पाचव्या दिवशी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "वैशाली काकू, आर यू स्पाइंग ऑन आजी?"

हे आजीपर्यंत पोचणार होतंच. संध्याकाळी मावशी दारात उभ्या. "चल," म्हणाल्या. "लपून काहून पाहते, समोर येऊन पाहा."

मी गेले आणि चाट पडले. त्या घरात गव्हाला बंदी झाली होती. कणकेचा डबा, ब्रेड, रवा, शेवया, बिस्किटं, नूडल्स, सगळं हद्दपार. इतकंच काय, प्रशांतची बिअरही फ्रिजमधून गेली होती, कारण ती जवाची असते आणि जवही मित्राला चालत नाहीत. जुने तवे, लाकडी चमचे, पोळपाट-लाटणं गराजमध्ये, नवं सगळं ओट्यावर. मित्राचं ताट वेगळं ठेवायचं नाही, यावर मावशींनी शोधलेला उपाय हा होता, की घरातल्या सगळ्यांनी मित्राचंच ताट जेवायचं. प्रशांतचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मला माझीच लाज वाटली.

त्या दिवशी मी त्यांना भाकरी करताना पाहिलं. पाकिटातल्या पिठावर त्यांचा भरवसा नव्हताच. त्या अख्खी ज्वारी आणायच्या, ताटात घेऊन खिडकीशी बसायच्या आणि दाणा न् दाणा निवडायच्या. ज्वारीत कधीमधी गव्हाचा दाणा निघतो. तो सापडला की "हा पाहा!" असं म्हणून चिमटीत धरायच्या आणि खिडकीतल्या एका काचेच्या बाटलीत टाकायच्या. त्या बाटलीला त्यांनी नाव ठेवलं होतं आरोपी. निवडलेली ज्वारी नव्या घरगुती चक्कीत दळायची, लागेल तेवढीच. मग पिठात उकळतं पाणी घालून, वाफ जिरेपर्यंत झाकून ठेवून, तळहाताच्या टाचेनं रगडून रगडून मळायचं. "ज्वारीला स्वतःचा चिकटपणा नाही, तो आपल्या मनगटातून द्या लागते," त्या म्हणायच्या. पीठ थापताना त्यांच्या बांगड्या वाजत नसत, कारण त्या स्वयंपाकापूर्वी काढून ठेवत. बांगडीच्या फटीत कुठलं पीठ अडकलं असेल याचा काय नेम?

खरी परीक्षा शाळेच्या डब्याची होती. तव्यावरची भाकरी फुगलेली, मऊ. पण दुपारी बारा वाजता शाळेच्या कॅफेटेरियात तीच पुठ्ठ्यासारखी कडक व्हायची आणि मित्रा डबा तसाच परत आणायची. तिला इतर मुलांसारखा गुंडाळता येणारा रॅप हवा होता. मावशींनी हे आव्हान म्हणून घेतलं. तांदूळ मिसळून पाहिला, उकडलेला बटाटा कुस्करून घातला, राजगिरा आणला. कोणीतरी त्यांना इथिओपियन दुकानात टेफ नावाचं धान्य दाखवलं. बारीक, तपकिरी, खसखशीएवढं. त्यांनी वास घेतला, दाताखाली दाणे फोडले आणि निकाल दिला, "ही आपल्या नाचणीची चुलतबहीण आहे. घेऊन चल." मी कुठेतरी वाचलं होतं की अशा पिठात थोडं इसबगोल घातलं की भाकरी मोडत नाही. हे सांगितलं तर त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "इसबगोल? ते पोट साफ करायचं? पोरीचा डबा आहे की जुलाब?"

दोन दिवस त्या माझ्याशी जपून बोलल्या. तिसऱ्या दिवशी भिंतीवर थाप पडली. मी गेले तर टेबलावर ज्वारी-टेफची भाकरी होती, रुमालासारखी चारपदरी घडी घातलेली, एकही चीर नाही. चमचाभर इसबगोल घातलं होतं. "आधी मी स्वतः खाऊन दोन दिवस पाहिलं," मावशी म्हणाल्या. त्या दिवशी मित्राचा डबा पहिल्यांदा रिकामा परत आला. नोव्हेंबरपर्यंत तिच्या गालावर रंग चढला आणि पोटदुखीचं नाव निघेना.

मी त्यांच्याकडे खूपदा जेवले. त्या मात्र आमच्याकडे कधी काही घेत नसत. यायच्या, बसायच्या, गप्पा मारायच्या. चहा ठेवू का म्हटलं की "पोट भरलं आहे." पाणी? त्या हिरव्या झाकणाची बाटली दाखवायच्या. मी आधी समजले की हा मित्रासाठीचा नियम असेल. पण पाण्यात कुठे गहू असतो? एकदा न राहवून विचारलंच.

"गावी शाळेत माठ होता," मावशी म्हणाल्या. "आम्हाला त्याला हात लावू देत नव्हते. मास्तरांनी सांगितलेला एक मुलगा वरून पाणी ओतायचा, आम्ही ओंजळ धरायची. तो नसला तर तहानलेलं राहायचं. मग एकदा आईनं डोक्यात घातलं माझ्या, की कोणाला मागूच नको. तेव्हापासून मी कोणाच्या घरी पाणी मागत नाही. मागितलं की समोरच्याचा चेहरा पाहावा लागते." मग बाटलीचं झाकण फिरवत म्हणाल्या, "आता कोणी तसं करत नसेलही. पण मी कशाला तपासत बसू? आयुष्यभर पोती तपासली, माणसं तपासायचा कंटाळा येते."

माझ्या आजोळी ओसरीच्या कोनाड्यात एक कपबशी वेगळी पालथी घातलेली असायची. ती कोणासाठी आहे हे लहानपणी मला माहीत होतं आणि मी कधी काही विचारलं नव्हतं. त्या दिवशी मावशींना मी हे सांगितलं नाही. लाल टेप मात्र मला त्या दिवशी समजली.

डिसेंबरात मी पुण्याला जाऊन आले तेव्हा मावशींसाठी हिंगाची डबी आणली. त्यांनी नागपूरहून आणलेला खडा हिंग संपला होता आणि इथल्या दुकानातल्या हिंगावर त्यांचा विश्वास नव्हता. माझ्या डबीतला मात्र त्यांनी कौतुकानं हुंगला, "वास जबर आहे," म्हणाल्या, आणि डबी फोडणीच्या डब्याशेजारी ठेवली. मला फार बरं वाटलं. त्यांनी माझ्याकडून घेतलेली ती पहिली वस्तू होती.

जानेवारीत मित्राचं पोट पुन्हा दुखू लागलं.

आधी वाटलं की थंडीचं असेल. मग शाळेतून फोन सुरू झाले. तिसऱ्या आठवड्यात ती भाकरीसमोर बसून नुसती मान हलवायला लागली. मावशींचं रूप पालटलं. त्यांनी घराचं गोदाम करून टाकलं. दप्तर उलटं केलं. डब्याच्या झाकणाची रबरी कड काढून पाहिली. शाळेत जाऊन, दुभाषा म्हणून स्नेहलला पुढे करून, टीचरची अर्धा तास उलटतपासणी घेतली. प्रशांतची गाडी हुंगली आणि सीटखालून बर्गरची पिशवी बाहेर काढली. त्या बिचाऱ्यानं ऑफिसच्या पार्किंगमध्ये बसून खाल्ला होता. त्यानंतर त्याला घरात शिरताना हात धुऊन शर्ट बदलावा लागायचा. स्नेहल आणि मावशी एकमेकींच्या मागे ओटा पुसायच्या. मित्रा आमच्याकडे खेळायला यायची बंद झाली. कारण कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

आणि खोटं कशाला बोलू, मला पुन्हा मावशींचाच संशय येत होता. नातीचा वाळलेला चेहरा बघून म्हातारीनं एखाद्या दिवशी मायेपोटी काही दिलं असेल. एवढी तपासणी करणारा माणूस स्वतःला तपासत नाही, हे मी कारखान्यात पाहिलंय.

पोर कळवळली की मावशी एकच करायच्या. वाटीत ताक घ्यायचं, त्यात सढळ हातानं हिंग आणि मीठ घालून तिला पाजायचं. बेंबीभोवती हिंगाचा लेप लावायचा. सकाळ-संध्याकाळ हा उपचार चालू होता. आपल्यातल्या कुठल्याही आजीनं हेच केलं असतं.

आमच्या कामात एक पहिला प्रश्न असतो. चांगला माल देणारं मशीन अचानक खराब माल देऊ लागलं तर विचारायचं, की मधल्या काळात काय बदललं? फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी वरणाला फोडणी देत होते आणि डोक्यात हाच प्रश्न घोळत होता. नोव्हेंबरपर्यंत पोर ठणठणीत. मग काय बदललं? ज्वारी तीच, चक्की तीच, शाळा तीच. हातात हिंगाची डबी होती, मावशींना दिली तिचीच जोडीदार. मी ती फिरवली. मागच्या बाजूला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत घटक लिहिले होते. पहिलाच घटक होता गव्हाचं पीठ. त्यानंतर डिंक. त्यानंतर हिंग.

फोडणी जळाली. मी गॅस बंद केला आणि खुर्चीत बसले. कित्येक वर्षं याच हिंगाची डबी माझ्या घरात असायची, माझ्या आईच्या घरात असायची, आणि शुद्ध हिंग खड्याचा असतो, भुकटीत पीठ मिसळतात, हे मी एकदाही वाचलं नव्हतं. ज्या औषधानं पोट बरं व्हायचं तेच ते पोट बिघडवत होतं, आणि ते तिथवर मीच पोचवलं होतं. एक क्षण असाही विचार आला की काही न बोलता त्यांच्याकडची डबी उचलून आणावी, कोणाला काही कळणार नाही. हा विचार मला आला होता, हे लिहून ठेवायला हवं.

मी डबी घेऊन गेले. मावशी खिडकीशी ज्वारी निवडत होत्या. मी अक्षरं दाखवली. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. मग उठून त्यांच्याकडची डबी आणली आणि तीही वाचली.

"मीच पाजत होते तिला," त्या म्हणाल्या.

"मावशी, आणली मी होती."

"सगळ्या घराचा वास घेतला मी. पोराची गाडी हुंगली. हे तेवढं नाही वाचलं." त्यांनी डबीचं झाकण घट्ट बसवलं. "तू आणलं होतं म्हणून नाही वाचलं."

त्या चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मला रडू आलं. त्यांनी ज्वारीचं ताट बाजूला सारलं, दोन्ही डब्या नेऊन खिडकीत आरोपीच्या बाटलीशेजारी ठेवल्या आणि परत येऊन निवडायला बसल्या. मला जा म्हणाल्या नाहीत, बसही म्हणाल्या नाहीत. पुढचे कित्येक दिवस मी त्यांच्याकडे गेले की त्या दोन डब्या माझ्याकडे बघत असायच्या.

मित्रा हळूहळू सावरली. मार्चच्या तपासणीत आकडे खाली आले. डॉक्टर खूश झाले, स्नेहलनं मला मिठी मारली. मावशी फक्त "अजून पाहू" म्हणाल्या. त्यांचं परतीचं तिकीट पुढच्या आठवड्यातलं होतं.

जाण्याआधी त्यांना जेवायला बोलवायचं मी ठरवलं आणि तोंडातून शब्द गेल्यावर घाबरले. मावशी म्हणाल्या, "मित्रा येईल का तुझ्याकडे जेवायला, ते आधी मला पाहू दे."

मी तीन दिवस राबले. कणीक, रवा, पोळपाट, टोस्टर, सगळं खोक्यात भरून गराजमध्ये, बाहेर बर्फात काढून ठेवलेल्या गाडीच्या जागी. नवा तवा, नवी परात. शनिवारी सकाळी मावशी मित्राला घेऊन आल्या. खांद्याला बाटली होतीच. नातीला त्यांनी दारातच उभं केलं आणि तपासणी सुरू झाली. कपाटं उघडली. शेगडीच्या मागून बोट फिरवून उजेडात धरलं. चाळणी पाहिली. तेलाच्या बाटलीचं तोंड पुसून पाहिलं. मग मिठाचा डबा उचलला.

"नवीन?"

"नवीन. जुन्यात कणकेचा चमचा गेला असेल म्हणून."

"साखर?"

"नवीन."

"हिंग?"

"घरातच नाही मावशी."

त्यांच्या ओठाचा कोपरा किंचित हलला. बांगड्या काढून त्यांनी माझ्या ओट्यावर ठेवल्या आणि आपण आणलेलं पीठ परातीत ओतलं. भाकऱ्या झाल्या. वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी मी त्यांच्या देखरेखीखाली केली. मावशींनी मित्राला हाक मारली. "ये. बस. जेव." पोरगी धावत आली आणि पहिल्याच घासाला म्हणाली, "आजी, इट्स सो गुड, कॅन आय हॅव अनदर?"

मग मावशी स्वतः बसल्या. सहा महिन्यांत पहिल्यांदा त्या माझ्या टेबलाशी जेवायला बसल्या. सगळ्यांची ताटं एकसारखी होती. त्यांनी भाकरी मोडली, चटणीला लावली, खाल्ली. चटणी तिखट झाली होती. त्यांनी खुर्चीला अडकवलेल्या बाटलीकडे हात नेला. तिचं हिरवं झाकण मला समोरून दिसत होतं. हात तिथे थोडा थांबला आणि रिकामाच परत आला.

"वैशाली," त्या म्हणाल्या, "पाणी दे."

मी नळाखाली ग्लास भरला आणि त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला आणि माझ्या चेहऱ्याकडे न बघता पाणी पिऊन टाकलं.